घेरियाच्या बंदरात दोन दिवस

रमजानला दहा-बारा दिवस उरले होते. घरात डाळी निवडणे, मसाले कुटणे, पडदे धुणे अशी दरवर्षीची धांदल सुरू झाली होती, आणि अशातच एका सकाळी चहा घेता घेता अम्मी म्हणाली, "रोजे सुरू व्हायच्या आत एकदा मला बंदर दाखवून आणा."

बंदर म्हणजे विजयदुर्ग. अम्मीचे माहेर वाघोटणच्या खाडीकाठचे. आता तिथे तिचे कोणी राहिले नाही. भाऊ मुंबईला गेले, भाचे आखातात गेले, घर विकले गेले. अम्मीने अठ्ठ्याहत्तरी ओलांडली आहे, गुडघे बोलतात, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. अशा माणसाने काही मागितले की पुढच्या महिन्यावर ढकलू नये. आम्ही शनिवार-रविवार धरला आणि निघालो. आम्ही दोघे, अम्मी आणि सातवीत शिकणारी धाकटी. धाकटीला शाळेचा प्रकल्प होता, 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक ठिकाण'. तिने नवी कोरी वही बरोबर घेतली.

आम्ही फोंडाघाटचे लोक तसे विचित्रच. राहतो कोकणात, पण समुद्र रोज दिसत नाही. डोक्यावर सह्याद्री आणि दारावरून देवगड-निपाणी रस्ता. घाटावरचा गूळ खाली यायचा, खालचे मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जायची, आणि मधल्या मध्ये आमचे गाव जगायचे. बंदराचे नाव रोज कानावर, पण बंदर पाहणे वर्षातून एकदा झाले तरी पुष्कळ.

नांदगावला महामार्ग लागला, पुढे तळेऱ्याहून गाडी समुद्राकडे वळली. घाई नव्हती. आंबा मोहरला होता, कुठे कुठे कणीही धरली होती, आणि खिडकीतून येणाऱ्या त्या वासाने अम्मीने पहिल्यांदा डोळे मिटून घेतले. पडेल कॅन्टीनला चहा झाला. या गावाच्या नावाची आम्हाला दर वेळी गंमत वाटते. नाक्याला कॅन्टीन म्हणावे आणि ते नाव कायम व्हावे, हे कोकणातच होऊ शकते.

वाटेत एक घरगुती वाद रंगला. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. मग नमाज कसर करायची की पुरी पढायची? सफरीच्या अंतराचा हिशेब ऐंशीच्या घरात जातो, आणि जुन्या मोजणीचे आजच्या किलोमीटरमध्ये रूपांतर करताना आलिमांचेही आकडे थोडे पुढे-मागे होतात. आम्ही गाडीच्या काट्याकडे बघत होतो. अम्मीने निकाल दिला, "शंका आहे ना? मग पुरी पढा." विषय संपला.

गिर्येचा सडा ओलांडून रस्ता उतरू लागला की आधी खाडी दिसते आणि मग किल्ला. विजयदुर्गचे जुने नाव घेरिया, ते या गिर्ये गावावरूनच पडले असे सांगतात. परंपरेने किल्ल्याचे मूळ शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीला नेले जाते. पुढे तो आदिलशाहीत होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेतला (साल बहुतेक ठिकाणी १६५३ दिलेले असते), नाव विजयदुर्ग ठेवले आणि तटबंदी वाढवली. तिहेरी तट आणि तीन बाजूंना पाणी. मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत हा एक, आणि आपल्या जिल्ह्यातला दुसरा मालवणचा सिंधुदुर्ग.

खोली एका घरगुती निवासात मिळाली. जेवणात भाकरी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी. अम्मीने तिखल्यात तिरफळ कमी आहे असा शेरा मारला, पण भाकरी एक जास्त खाल्ली.

उन्हे कलल्यावर किल्ल्यात शिरलो. जिबीच्या दरवाजापर्यंत अम्मी आली आणि सावलीतल्या दगडावर बसली. "तुम्ही फिरा. मी इथून वारा घेते." पुढचे दोन तास आम्ही आणि धाकटी तटावरून हिंडलो. खाली लाटा दगडावर आपटत होत्या. तटाची काही ठिकाणे पाहून जीव हळहळतो. २०२० च्या पावसात इथल्या तटाचा एक भाग ढासळला होता, आणि समुद्र काही कोणाच्या मंजुरीची वाट पाहत थांबत नाही. जागतिक वारसा म्हटल्यावर आता तरी दुरुस्तीला वेग यावा.

धाकटी वहीत भराभर लिहीत होती. १७१७ आणि १७२० साली इंग्रजांनी हल्ला केला, फसला. १७२४ साली डच आले, तेही हात हलवत परत गेले. पाण्याखाली एक भिंत आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली आहे. हे सगळे लिहिताना तिचा चेहरा खुललेला होता. मग १७५६ आले.

ही कहाणी मुलांना सांगताना आम्ही दर वेळी अडखळतो. कान्होजी आंग्रे यांचा मुलगा तुळाजी तेव्हा विजयदुर्गावर होता. त्याचे आणि पेशव्यांचे पटत नव्हते. पेशवे नानासाहेबांनी त्याला नमवण्यासाठी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी महिन्यात अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजे खाडीच्या तोंडाशी आली, बरोबर रॉबर्ट क्लाइव्ह, तोच जो पुढच्या वर्षी प्लासीला दिसतो. तोफांचा मारा सुरू झाला. 'रिस्टोरेशन' नावाचे एक जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडून आणलेले होते. त्यावर गोळा पडला, त्याने पेट घेतला, आणि जवळ जवळ बांधून ठेवलेल्या सगळ्या आरमाराला ती आग लागली. कान्होजींपासून साठ-सत्तर वर्षे उभे केलेले आरमार एका संध्याकाळी जळाले. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये सापडले, ते इंग्रजांनी आपसात वाटून घेतले, पेशव्यांना त्यातले काही दिले नाही. किल्ला मात्र त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांकडे आला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

"म्हणजे आपलेच आपल्याविरुद्ध?" धाकटीने विचारले. आम्ही हो म्हणालो. या महिन्यात त्या आगीला २७० वर्षे झाली.

परतताना अम्मीजवळ आलो तर ती दरवाजापाशी दोन कॉलेजच्या मुलांना गोष्ट सांगत बसली होती. गोष्ट आम्हाला पाठ आहे. तिच्या माहेरचा मूळपुरुष आंग्र्यांच्या गुराबेवर सारंग होता, त्या आगीतून पोहून तो खाडीच्या वर आला आणि तिथेच त्याने घर बांधले. लहानपणापासून हे ऐकत आलो आहोत. घरात सनद नाही, वंशावळ नाही, कागदाचा कपटा नाही. मुले भारावून ऐकत होती. धाकटीने वही उघडली आणि ठळक अक्षरांत लिहिले, 'माझ्या दादीचे पूर्वज आंग्र्यांच्या आरमारात सारंग होते.'

आम्ही काहीच बोललो नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही ते लिहिलेले पाहून बरे वाटले. आपल्या मुलांना आज इतिहास ज्या सुरात ऐकावा लागतो, त्यात असा एखादा पूर्वज खिशात असलेला कोणाला नको असेल?

किल्ल्यातून निघताना आणखी एक गोष्ट झाली. एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना उंच चौथऱ्यांकडे बोट दाखवून सांगत होते की हे साहेबाचे कट्टे, १८६८ च्या ग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इथेच दुर्बीण लावली आणि सूर्यावरच्या हेलियम वायूचा शोध इथेच लागला. ही गोष्ट आपल्या भागात सर्वत्र सांगितली जाते, १८ ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो. धाकटीने तेही लिहून घेतले.

रात्री अंगणात चटई टाकून बसलो तेव्हा आम्ही तिला म्हटले, "हेलियमचे ते वाक्य तपासून घे." कारण आमच्या वाचनात आलेली हकीगत वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला हिंदुस्थानातून खग्रास ग्रहण दिसले हे खरे. ते पाहायला शास्त्रज्ञ आले होते, फ्रान्सचे जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते, इंग्रजांची एक तुकडी जमखंडीला होती. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्या प्रकाशात जी पिवळी रेघ दिसत होती, ती कोणत्याच माहीत असलेल्या पदार्थाशी जुळेना, म्हणून पुढे तिला हेलियम नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू हाती लागला तो १८९५ मध्ये, ग्लासगोत जन्मलेल्या विल्यम रॅम्से यांना.

"मग कट्टे खोटे?"

कट्टे खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गला आले, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी एकसष्ट वर्षांचे लॉकियर आपले सामान घेऊन इथे उतरले. 'मेल्पोमिनी' नावाच्या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. सूर्य पुरा झाकला गेला तो जेमतेम दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांत कोणी काय करायचे याची तालीम झालेली असणार, कोणी पट्टी बदलायची, कोणी वेळ पुकारायची. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला दुर्बीण लावून उभे होते. आम्हाला विचाराल तर ही खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कमी देखणी नाही. पण 'शोध इथे लागला' या तीन शब्दांची नशा वेगळी असते.

अम्मी तसबीह फिरवत ऐकत होती. ती म्हणाली, "इब्राहिमच्या वेळचं सांग तिला."

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहिम वारले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेतले लोक म्हणू लागले की पैगंबरपुत्राच्या मृत्यूने सूर्यही काळवंडला. शोकात बुडालेल्या बापाला याहून मोठे सांत्वन कोणते? आणि ते म्हणणाऱ्यांची नियत वाईट नव्हती, प्रेमच होते. पण आप (स.) यांनी ते मान्य केले नाही. सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले तर नमाज पढा, दुआ करा, असे त्यांनी लोकांना बजावले. सलातुल कुसूफची शिकवण यातूनच आली. हा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे आणि बहुतेक घरांत सांगितला जातो. त्या रात्री मात्र तो आम्हाला जरा जास्तच लागला.

कारण धाकटी गप्प झाली होती. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "अब्बा, मग दादीचं सारंगाचं वाक्यपण तपासायचं का?"

अंगणात बल्ब होता, त्याच्याभोवती किडे घोंघावत होते. आम्ही अम्मीकडे पाहिले. अम्मीने तसबीहचा मणी पुढे सरकवला आणि काहीच म्हटले नाही. "उद्या बघू," म्हणून आम्ही ती वेळ मारून नेली. लेकराच्या प्रश्नावर बापाने उद्या बघू म्हणणे हे काही शोभेचे नाही, हे आम्हाला कळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदी पाहायला गेलो. किल्ल्यापासून दोन-तीन किलोमीटर खाडीत आत, कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी. लांबी तीनशे फुटांहून जास्त. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की त्याच्या तळाची डागडुजी करायची. कसलेही यंत्र नाही, सारे काम भरती-ओहोटीच्या भरवशावर. आज तिथे चिखल, तिवरे आणि खेकडे. किल्ला पाहायला माणसे येतात, इकडे फारसे कोणी वळत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा एक बगळा तेवढा होता.

इथे बसून आम्ही धाकटीला म्हटले, कागद नसला तरी काही गोष्टी बोलीत उरतात. खाडीवरची माणसे जे शब्द रोज वापरतात ते बघ. बंदर फारसी. लंगर फारसी. दर्या फारसी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. सारंगही फारसीतून आला. खलाशी अरबी. नावेला दिशा दाखवणारा मालम, तो अरबीतला मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. आरमार मात्र पोर्तुगिजांच्या आर्मादातून आलेले. आणि आंग्र्यांची ती गुराब...

"गुराब म्हणजे कावळा!" ती ओरडली. मकतबात तिने काबील आणि हाबीलची गोष्ट नुकतीच पढली होती. भावाला मारून त्याच्या देहाचे काय करावे हे न कळलेल्या काबीलला जमीन उकरून दाखवणारा कावळा, तो गुराब. जहाजालाही अरबी दर्यावर्दी तेच नाव द्यायचे. विजयदुर्गच्या गोदीत मराठ्यांसाठी बांधल्या गेलेल्या जहाजाला अरबी कावळ्याचे नाव, आणि ते चालवणारे भंडारी, कोळी, गाबीत, मुसलमान, सगळेच.

शिवाजी महाराजांच्या आरमाराची नावे तर पुस्तकांतच आहेत. मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग, जंजिऱ्याच्या सिद्दींकडून येऊन मिळालेला सिद्दी मिस्री. ती तपासायला दादीच्या आठवणीची गरज नाही. "ही वहीत लिही," आम्ही म्हटले, "ही पक्की आहेत." एवढे मोठे व्याख्यान देऊनही सारंगाच्या वाक्याचे उत्तर आम्ही दिलेच नव्हते. तिने लिहून घेतले, पण तिच्या लक्षात आले होते.

दुपारी परत बंदरावर आलो. मासळी उतरून झाली होती, जाळी वाळत पडली होती. पलीकडे खाडीच्या त्या काठाला रत्नागिरी जिल्हा. अम्मीला धक्क्याच्या कठड्याशी बसवले. ती खूप वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग आपणहून बोलू लागली. पण आंग्र्यांबद्दल नाही.

"इथं बोट यायची. लांब उभी राहायची. मग पडावातून माणसं खाली."

तिचे वडील, म्हणजे आमचे मरहूम नाना, बोटीवर खलाशी होते. मुंबईहून निघालेली आगबोट किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरे घेत गोव्याकडे जायची. रस्ते नव्हते, रेल्वे तर १९९८ पर्यंत नव्हतीच. कोकणातला चाकरमानी, त्याची ट्रंक, त्याची आजारी आई, त्याच्या आंब्याच्या पेट्या, सगळे बोटीने. पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' आल्या, आणि त्या शेवटी मोगल लाइनकडे गेल्या. मोगल लाइन म्हणजे तीच कंपनी, जिच्या जहाजांतून आपल्या वाडवडिलांनी हज केला, 'अकबरी', 'नूरजहाँ', 'मुहम्मदी' ही नावे आजही जुन्या घरांत अदबीने घेतली जातात. समुद्रमार्गे हज १९९५ नंतर बंद झाला. कोकणची बोट त्याआधीच थांबली होती. पावसाळ्यात बोट बंद असायची, तेव्हा चार महिने मुंबई म्हणजे परदेश.

"शाबान आला की मी रोज संध्याकाळी इथे यायची," अम्मी म्हणाली. "आईबरोबर. बाप रोज्यांना घरी येतो की नाही ते बघायला. पडाव जवळ येईपर्यंत कळायचं नाही कोण आहे. तो डोक्याला हिरवा रुमाल बांधायचा, मला दिसावा म्हणून. एका साली नाही आला. रजा मिळाली नाही. आई ईदला नवी साडी नेसलीच नाही."

हा हिरवा रुमाल आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. सारंगाची गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल, पण नाना बोटीवर नेमके काय काम करायचे हे कधी विचारलेही नव्हते. विचारले. ते भट्टीवर होते. कोळसा ओढायचे. हातावर भाजल्याचे डाग होते, ते ती लहानपणी मोजायची.

मगरीब तिथेच, वाळूत चटई टाकून पढली. सूर्य किल्ल्याच्या मागे बुडाला होता. अम्मी खुर्चीवर बसून पढली. सलाम फिरवल्यावर धाकटी वही घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. सारंगाच्या वाक्यावर तिने काट मारली नव्हती. त्याच्या पुढे बारीक अक्षरांत तीन शब्द वाढवले होते, 'असे दादी सांगते'.

"वाच काय लिहिलंस," अम्मी म्हणाली. एका डोळ्याने तिला ती अक्षरे दिसली नसती.

धाकटीने वाचून दाखवले. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. अम्मीने थोडा विचार केला.

"बरोबर आहे. मलाही माझ्या दादीनेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण खाली माझ्या बापाचं लिही. बोटीवर होता, कोळसा ओढायचा. तो मी बघितलाय."